इंद्रधनुष्य दिसलं की हात खिशात जातोच, मग फोटो नीट तरी काढूया

गेल्या जुलैमधली गोष्ट. संध्याकाळचे सहा वाजत आले असतील, दुपारभर कोसळून पाऊस जरा दमला होता, मी गॅलरीत चहा घेऊन उभा, तेवढ्यात आत्याचा फोन. आत्या समोरच्या विंगमध्ये राहते, तिच्याकडे अजून बटणाचा फोन आहे. हॅलो नाही काही नाही, एकदम, "अरे पूर्वेला बघ पूर्वेला, लवकर!" आणि फोन कट, कारण तिला अजून चार जणांना कळवायचं होतं. बघतो तर अख्खी कमान, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मी काय केलं, तर कप वॉशिंग मशीनवर टेकवला, धडाधड फोटो काढायला लागलो, आणि पाचेक मिनिटांनी कमान विरघळली तेव्हा लक्षात आलं की आपण तिच्याकडे नुसतं असं बघितलंच नाही. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मोजले, २७ फोटो. जवळजवळ सगळे फिकट, अर्ध्यांत केबलच्या वायरी, एकात कुणाचं तरी बोट.

आता यात हसण्यासारखं आहे पण नवल काही नाही, सगळ्यांचं असंच होतं. सूर्यास्त पण सुंदर असतो पण तो रोज आहे, उद्या काढू म्हणता येतं. इंद्रधनुष्याला उद्या नाही. ते कधी येणार याचा टाइमटेबल नाही आणि आलं तरी किती थांबणार ते ढगाच्या मर्जीवर. दोन मानसशास्त्रज्ञांनी, केल्टनर आणि हाइट यांनी, २००३ मध्ये विस्मय म्हणजे नेमकं काय यावर एक लेख लिहिला, त्यात दोन गोष्टी धरल्या, एक म्हणजे समोरचं आपल्यापेक्षा अफाट मोठं वाटलं पाहिजे, आणि दुसरं म्हणजे डोक्यातल्या नेहमीच्या खणात ते बसता कामा नये. इंद्रधनुष्य दोन्हीत पास. शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलेला असतो, थेंबात प्रकाश वाकतो हे पण माहीत असतं, तरी पाण्याच्या टाकीवर आणि मोबाइलच्या टॉवरवर ती कमान उभी राहिली की माहिती बाजूला पडते आणि तोंडातून नुसतं "अरे!" निघतं.

पण मला विचाराल तर खरी ओढ फोटो काढण्याची नाहीच, दाखवण्याची आहे. आत्याकडे कॅमेरा नाही तरी ती पाच घरी फोन करत होती ना, ती तीच ओढ. आणि ही काय मोबाइल आल्यावर लागलेली सवय नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात (त्या ग्रंथाशी आपलं भांडण वेगळं, ते आहेच) एक नियम आहे की शहाण्याने आकाशात इंद्रधनुष्य पाहिलं तर ते कुणाला दाखवू नये. आता मला सांगा, असा नियम लिहायची वेळ कधी येते? जेव्हा जो तो दाखवत सुटलेला असतो तेव्हाच. रॉबर्ट ब्लस्ट नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने तर जगभरातून अशा समजुती गोळा केल्या, की इंद्रधनुष्याकडे बोट करू नये, केलं तर बोट वाकडं होतं, सडतं वगैरे, आणि त्या एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कितीतरी समाजांत सापडल्या. म्हणजे बोट दाखवायचा मोह सगळीकडे, आणि त्याची भीती पण सगळीकडे. आता बोटाऐवजी फोन पुढे होतो एवढंच.

याच्यात अजून एक गंमत आहे आणि पुढचं सगळं टेक्निक तिच्यावरच उभं आहे, म्हणून जरा नीट वाचा. इंद्रधनुष्य तिकडे कुठेतरी ठेवलेली वस्तू नाही. सूर्य तुमच्या पाठीशी, त्याच्या बरोबर विरुद्ध बिंदू म्हणजे जिथे तुमच्या डोक्याची सावली पडते तो, आणि त्या बिंदूपासून ४२ अंशांवर असलेले जेवढे थेंब आहेत ते तुमच्याकडे लाल पाठवतात, ४० अंशांच्या आसपासचे जांभळा. तुम्ही चार पावलं सरकलात की थेंब बदलले. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस वेगळ्याच थेंबांकडे बघतोय. म्हणजे आमच्या २७ फोटोंमध्ये २७ वेगवेगळी इंद्रधनुष्यं होती, माझं टॉवरवर टेकलं होतं, डी विंगवाल्यांचं शाळेच्या पत्र्यावर. तुमचं जे आहे ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, मग ते दाखवावंसं वाटणारच की, दुसरा मार्गच नाही.

तर आता ते कसं दाखवायचं ते बघू. आधी वेळ. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर चढला की सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसूच शकत नाही, सगळी कमान क्षितिजाखाली जाते. जुलैमध्ये आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या बाजूला सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सकाळी साधारण सव्वानवानंतर आणि दुपारी चारच्या आधी आकाशात शोधत बसू नका, कितीही ऊन-पावसाचा खेळ चालू असला आणि कोल्ह्याचं लग्न लागत असलं तरी. सकाळचं असेल तर पश्चिमेला, संध्याकाळचं असेल तर पूर्वेला. मरीन ड्राइव्हवर समुद्रावरचं हवं असेल तर सकाळीच उठावं लागणार, संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून उभे राहाल तर सूर्य दिसेल आणि इंद्रधनुष्य तुमच्या पाठीमागे बिल्डिंगांवर निघून जाईल, हे मी स्वतः केलेलं आहे. सकाळचं पश्चिमेचं दिसलं तर छत्री घ्या, आपल्याकडे पावसाळी ढग बहुतेक समुद्राकडून येतात, तो पाऊस तुमच्याकडेच निघालेला असू शकतो. संध्याकाळचं पूर्वेचं म्हणजे सर तुम्हाला भिजवून पुढे गेलेली. हिवाळ्यात सूर्य दुपारीसुद्धा फार वर जात नाही, डिसेंबरमध्ये दुपारचे तीनेक तास सोडले तर दिवसभर इंद्रधनुष्याला जागा असते, फक्त तेव्हा आपल्याकडे पाऊस नसतो. देव देतो तेव्हा असं देतो.

ठिकाण शोधायला अ‍ॅप लागत नाही, वीत लागते. हात पूर्ण पुढे ताणून बोटं फाकवा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश भरतात. आपल्या डोक्याची सावली जिथे पडलीय तिथे अंगठा, तिथून वर दोन विती आणि वर अंगठाभर. तिथे थेंब असतील आणि त्यांच्यावर ऊन असेल तर कमान तिथेच येणार. मी आता पाऊस पडता पडता पश्चिमेला ढगाखाली उघाड दिसली की आधीच गॅलरीत जाऊन हे माप घेऊन ठेवतो, बायको म्हणते हा काय भिंत रंगवायला घेतोय का, पण या सीझनला तीनदा बरोबर आलंय.

आता दिसलं. फोन काढायच्या आधी दोन कामं. गॉगल घातला असेल तर काढा, कारण इंद्रधनुष्याचा प्रकाश पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लहरी एका ठरावीक दिशेनेच डोलतात, आणि पोलराइज्ड गॉगल आडवं पोलरायझेशन अडवतो, म्हणजे कमानीचा वरचा भागच गायब करतो. लोक म्हणतात कुठंय कुठंय, डोळ्यावर काय आहे ते आधी बघा. दुसरं काम म्हणजे अर्धा मिनिट नुसतं बघणं. हे मी संत बनून सांगत नाही, यात फोटोचाच फायदा आहे, कारण त्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला कळतं की सगळ्यात गडद भाग कुठला आहे, वर दुसरी कमान आहे का, पाय कशावर टेकलाय. लिंडा हेंकेल नावाच्या प्राध्यापिकेने २०१४ मध्ये एक प्रयोग छापला, म्युझियममध्ये लोकांना काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या बघायला, दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्यांना झूम करून वस्तूचा एखादा भागच टिपायला सांगितलं होतं त्यांची आठवण शाबूत राहिली! उलट बाजूचं पण आहे, २०१६ मध्ये डील, झॉबरमन आणि बराश यांनी दाखवलं की फोटो काढणारी माणसं त्या प्रसंगात जास्त गुंततात आणि त्यांना मजाही जास्त येते. म्हणजे फोटो काढणं वाईट नाही, न बघता काढणं वाईट. बघायचं, ठरवायचं, मग काढायचं.

फोनची लेन्स आधी पुसा. पावसात खिशातून निघालेल्या फोनच्या लेन्सवर घाम, ओल, कणकेचं बोट, सगळं असतं, आणि आमच्या ग्रुपवरच्या २७ पैकी निदान दहा फोटो नुसत्या या कारणाने धुरकट होते. शर्टच्या कोरड्या आतल्या बाजूने पुसा, बास. मग स्क्रीनवर इंद्रधनुष्याजवळच्या ढगावर टॅप करा, बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते) लॉक होतं, आणि मग ते सूर्याचं चिन्ह खाली ओढा. थोडंसंच. जास्त नाही. फोन काय करतो की समोरच्या काळ्या बिल्डिंगा बघून सगळं उजळ करतो, त्यात आकाश पांढरं पडतं आणि बिचारी कमान धुऊन निघते. खाली ओढलं की ढग राखाडी होतो आणि रंग वर येतात, एवढी एकच गोष्ट या लेखातून घेतलीत तरी चालेल. फ्लॅश बंद. तो इंद्रधनुष्यापर्यंत पोचत नाही, जवळचे पावसाचे थेंब तेवढे पांढरे ठिपके होऊन येतात, आणि मग कुणीतरी म्हणतं हे बघ आत्मे आलेत फोटोत. रॉमध्ये, म्हणजे फोनने काही न सजवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायची सोय असेल आणि नंतर बसून एडिट करायची हौस असेल तर रॉ चालू करा, नसेल तर उगाच मेमरी भरू नका.

आता सगळ्यात मोठी चूक, जी मी वर्षानुवर्षं केली. कमान फ्रेममध्ये मावत नाही म्हणून माणूस मागे सरकतो. देवळाचा फोटो काढताना मागे गेलं की देऊळ लहान होतं, इथे काहीच होत नाही, तुम्ही गॅलरीतून मागे मागे किचनपर्यंत गेलात तरी ती तेवढीच, कारण ती अंतरावर नाही, कोनावर आहे. सूर्य मावळतीला टेकलेला असताना कमान पूर्ण अर्धवर्तुळ असते आणि तिची रुंदी ८४ अंश, फोनच्या साध्या १एक्स कॅमेऱ्याला आडवा धरला तरी ७० अंशांच्या आसपासच दिसतं. म्हणून ०.५ करा, अल्ट्रावाइड. मोठा कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १८-१९ मिलिमीटर किंवा त्याहून वाइड लेन्स लागते. पण याच्यात वेळेचा हिशोब आहे तो कुणी सांगत नाही. जुलैमध्ये पाचच्या सुमारास सूर्य अजून ३० अंशांवर असतो, तेव्हा कमान बुटकी असते, जमिनीवर जेमतेम १२ अंश उंच आणि ६० च्या थोडी वर रुंद, ती १एक्समध्ये मावते. सहा वाजले की ती उंच होते आणि फुगून ८० अंशांच्या घरात जाते, मग ०.५ शिवाय गत्यंतर नाही. अल्ट्रावाइड नसलेला जुना फोन असेल तर पॅनोरमा काढा पण हळू आणि एका पट्टीत फिरवा, आणि आधी एक्स्पोजर लॉक करा नाहीतर एका बाजूला दुपार आणि दुसऱ्या बाजूला रात्र असं काहीतरी येतं.

मागे जाऊन उपयोग नाही पण बाजूला सरकून खूप उपयोग आहे! कमान तुमच्याबरोबर चालते, झाडं आणि घरं चालत नाहीत. म्हणजे कमानीचा पाय तुम्हाला हवा तिथे ठेवता येतो. देवळाच्या कळसावर हवाय, डावीकडे चाला, कळस कमानीच्या पायाखाली येईपर्यंत. जवळची वस्तू असेल तर दहा-वीस पावलांत काम होतं, लांबचा डोंगर असेल तर नाद सोडा. आणि पूर्ण कमानीचा हट्ट पण सोडा, मला तर आता पूर्ण कमानीचे फोटो कंटाळवाणेच वाटतात, सगळे सारखे, पोस्टकार्डासारखे. २एक्स किंवा ३एक्स करून नुसता पाय घ्या, जिथे रंग सगळ्यात दाट असतात. एसटी स्टँडच्या छपरावर टेकलेला, कुणाच्या वाळत घातलेल्या गोधडीमागचा, हळदीच्या शेतात उतरलेला. हेंकेलबाईंच्या प्रयोगासारखं, तुकडा घेतला की सगळं लक्षात राहतं. मागे काळा ढग किंवा गर्द डोंगर असेल तो तुकडा निवडा, निळ्या किंवा पांढऱ्या आकाशावर कमान फिकीच येणार, कॅमेरा एक लाखाचा असला तरी. वायरी टाळता आल्या तर टाळा, नाहीच आल्या तर राहू द्या, पुसायच्या नादात कमानीला कुबड येतं.

ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आणि सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावून फिरवायची पोलराइज्ड काच) आहे त्यांच्यासाठी. फिल्टर फिरवला की इंद्रधनुष्य उजळतं पण आणि पूर्ण गायबही होतं, फिरवत फिरवत बघा. फक्त एक मेख आहे, पोलरायझेशन कमानीच्या वळणाला धरून असतं, म्हणजे माथ्यावर आडवं आणि पायाशी उभं, त्यामुळे वाइड लेन्सवर माथा उजळला की पाय मरतात. पूर्ण कमान घेताना फिल्टर काढून ठेवा, तुकडा घेताना लावा. फोनवाल्यांनी जुना पोलराइज्ड गॉगल लेन्ससमोर धरून फिरवून बघा, जुगाड आहे पण चालतो, आणि पोरांना तर हा प्रकार जादूसारखा वाटतो.

दुहेरी दिसलं तर. मुख्य कमानीच्या वर, ५० अंशांच्या जरा पुढे, फिकट दुसरी असते, तिचे रंग उलटे, लाल आत आणि जांभळा बाहेर, कारण थेंबात प्रकाश एकाऐवजी दोनदा आपटून बाहेर येतो. ती बऱ्याचदा असते, आपणच वर बघत नाही. दोन्हींच्या मधला पट्टा आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळपट दिसतो, त्याला अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात, इ. स. २०० च्या सुमाराच्या एका ग्रीक पंडिताच्या नावावरून. फोटोत हा पट्टा आला की फोटो एकदम भारी दिसतो, म्हणून दुहेरी असेल तेव्हा वर जागा सोडा. आणि मुख्य कमानीच्या आतल्या कडेला, जांभळ्याच्या खाली, कधी कधी गुलाबी-हिरव्या बारीक रेषा असतात, त्या झूम करून नक्की टिपा, थेंब लहान आणि एकसारखे असले की येतात, १८०४ मध्ये थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांच्यावरून प्रकाश लहरींसारखा वागतो असं सांगितलं होतं. एवढ्याशा रेषांवरून केवढी उडी. आणि सूर्य अगदी बुडताना घरात जाऊ नका, तेव्हा निळा-हिरवा वाटेतच गळून जातो आणि नुसती लाल कमान उरते, मी आयुष्यात एकदाच पाहिलीय, फोटो हललेला आलाय, तरी डिलीट करवत नाही.

पाऊस नाही पण हौस आहे, तर पाण्याचा पाइप घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाकडे पाठ करून पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून बारीक फवारा उडवा, मागे गडद झाडी किंवा काळी भिंत असू द्या, आणि वर सांगितलेलं सगळं, टॅप, लॉक, एक्स्पोजर खाली, इथे प्रॅक्टिस करा. शेतात तुषार सिंचन चालू असेल तर अजून सोपं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या थिओडोरिकने आणि इराणमधल्या कमालुद्दीन अल-फारिसीने, एकमेकांचा पत्ता नसताना, पाण्याने भरलेला काचेचा गोळा म्हणजे एक मोठा थेंब समजून इंद्रधनुष्याचं कोडं सोडवलं होतं, आपण पाइपवर का लाजायचं. धबधब्याच्या तुषारांत पण हेच, आणि तिथे दुपारीसुद्धा चान्स आहे, कारण तुम्ही वर आणि थेंब खाली दरीत असले की ४२ अंशांची भानगड क्षितिजाखाली पण दिसते. ठोसेघरला किंवा आंबोलीला गेलात तर पाठीवर ऊन आणि समोर खाली तुषार अशी जागा शोधा, कठड्याच्या आत राहून.

आपल्याकडचं खास म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र. कड्याखाली कोकणातून धुकं वर आलेलं आणि पाठीमागून सकाळचं ऊन असलं की धुक्यावर तुमचीच सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत गोल वर्तुळ. १८३५ मध्ये कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथल्या अशा गोल इंद्रधनुष्याची नोंद केली होती. खरं म्हणजे हे इंद्रधनुष्य नाही, ग्लोरी आहे, धुक्याच्या अगदी बारीक थेंबांची, आणि आकाराने बरंच छोटं, त्यामुळे इथे ०.५ नको, २एक्स किंवा जास्त लावा. दहा जण ओळीत उभे असले तरी प्रत्येकाला वर्तुळ स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं, फोटोत मात्र ते फोनच्या सावलीभोवती येतं, त्यामुळे फोन डोळ्यासमोर धरा म्हणजे वर्तुळ आपल्या डोक्यावर बसेल. आणि कड्याच्या टोकाला उभं राहून नाही, पोटावर झोपून. ओला खडक कुणाचा फॉलोअर काउंट बघत नाही. विमानातून पण ग्लोरी दिसते, सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी घ्या, विमानाची सावली ढगांवर शोधा. खिडकीची काच मधे असेल तेव्हा, विमान असो की बस की ट्रेन, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि पोलराइज्ड काहीही लावू नका, विमानाच्या खिडकीवर त्याने भलतेच रंगीत पट्टे येतात.

गडगडत असेल तर गच्चीवर जाऊ नका. विशेषतः परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, संध्याकाळी ऊन आणि विजा एकदमच चालू असतात आणि तेव्हाच इंद्रधनुष्यं पण फर्मास पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं दामिनी अ‍ॅप आहे, जवळपास वीज पडतेय का सांगतं, ते टाकून ठेवा, आणि खिडकीतून काढा फोटो.

एडिटिंगबद्दल थोडंच. सॅच्युरेशनची पट्टी पूर्ण उजवीकडे नेलेलं इंद्रधनुष्य लांबून ओळखू येतं, त्यात झाडं पण पोपटी प्लास्टिकची होतात. त्यापेक्षा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा, हायलाइट थोडे कमी करा, डीहेझ (धुरकटपणा घालवणारी पट्टी) असेल तर चिमूटभर. प्रत्यक्षात सात रंग वेगवेगळे मोजता येत नाहीत, ते एकमेकांत मिसळलेले असतात, सात हा आकडा न्यूटनने संगीतातल्या सात सुरांशी जुळवून धरला, त्यामुळे फोटोत सात पट्टे दिसेपर्यंत एडिट करत बसायचं कारण नाही.

ग्रुपवर किंवा कुठेही टाकताना वेळ, गाव आणि कुठल्या दिशेला बघत होतात तेवढं लिहा. नुसतं "निसर्गाची किमया" नको. या फोटोंचा खरंच उपयोग होतो, २०२२ मध्ये हवाई विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी लोकांनी फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर टाकलेले इंद्रधनुष्यांचे फोटो गोळा करून, त्यातले इंद्रधनुष्य नसलेले चाळून बाजूला काढून, कुठे किती दिवस इंद्रधनुष्य पडू शकतं याचा हिशोब मांडला. जमिनीवरच्या सरासरी ठिकाणी वर्षाला ११७ दिवस तशी परिस्थिती असते आणि हवामान बदलामुळे २१०० पर्यंत हे दिवस चार-पाच टक्क्यांनी वाढतील, असं त्यांचं उत्तर. आणि तैपेईत ३० नोव्हेंबर २०१७ ला एका डोंगरावरच्या विद्यापीठात इंद्रधनुष्य ८ तास ५८ मिनिटं टिकलं, तो जागतिक विक्रम मान्य झाला कारण तिथल्या लोकांनी दिवसभर त्याचे हजारो फोटो काढून ठेवले होते. नऊ तास! आमच्याकडे पाच मिनिटांत आटोपतं म्हणून आत्या हॅलो पण म्हणत नाही.

तर त्या रात्री मी ग्रुपवरचे २७ फोटो लॅपटॉपवर घेऊन आत्याला दाखवायला गेलो. तिने सगळे बघितले, चहा केला, आणि म्हणाली, "छान आहेत रे, पण माझं असं नव्हतं, माझं त्या पिंपळावर उतरलं होतं." मी तिच्या किचनच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो, पिंपळ समोरच होता, अंधारात. २७ पैकी एकाही फोटोत पिंपळ नव्हता, कारण तिच्या खिडकीत कुणी उभंच राहिलं नव्हतं. आता ठरवून ठेवलंय, पुढच्या वेळी तिचा फोन आला की गॅलरीत नाही जायचं, जिना उतरून समोर जायचं, दोन मिनिटं लागतात, तोवर टिकलं तर टिकलं. खिडकीला ग्रिल आहे, ०.५ लावला की ग्रिल पण येईल आणि बाजूची पाण्याची टाकी पण. येऊ दे.